घारीचं उतरणं

९ फेब्रुवारी, रविवार

आज घारीबरोबर वर जाऊन आले. हवा इतकी स्वच्छ होती की परतावंसं वाटेना.

घार म्हणजे माझी नणंद. लहानपणी गच्चीच्या कठड्यावर चढून, हात पसरून उभी राहायची, म्हणून ह्यांनी तिला घार म्हणायला सुरुवात केली. आता तिने साठी ओलांडली, नाव ठेवणारा गेला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. फ्लाइंग क्लबातले लोकसुद्धा तिला घारताई म्हणतात. तीस वर्षं तिने लोकांना विमान चालवायला शिकवलं. ह्यांना तिचा केवढा अभिमान! पाहुणा उंबऱ्यात आला की चपला काढायच्या आत त्याला कळायचं, की ह्या घरातली मुलगी विमान चालवते.

हे गेल्यावर तिने मला दर रविवारी न्यायला सुरुवात केली. "घरात बसून भिंतींशी बोलशील, त्यापेक्षा माझ्याशी बोल, वहिनी." विमान लहानसंच, जुनं, एका इंजिनाचं. क्लबातल्या चौघांनी मिळून ठेवलेलं. मी शेजारच्या सीटवर बसते आणि समोर दिसेल ते मोठ्याने वाचते. वेग किती, उंची किती, धावपट्टीजवळच्या खांबावरचं, वाऱ्याची दिशा दाखवणारं कापडी मोजं कुठल्या बाजूला फुगलंय. घारीला सगळं माहीतच असतं, पण शिकवणाऱ्या माणसाला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मलाही बरं वाटतं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर माझ्याकडूनच धडे वाचून घ्यायच्या. म्हणायच्या, हिचा शब्द न शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. त्या शाळेने मला काय दिलं म्हणाल, तर पाठीचा कणा ताठ ठेवायची सवय आणि हा आवाज.

घरी आल्यावर चहा तिने ओतला. निम्मा बशीत. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" म्हटलं. "अजून वरच आहे," म्हणाली आणि बशी तोंडाला लावली.

१२ फेब्रुवारी

चिरंजीवांचा फोन. "आई, आत्याचं वय बघ, तुझं बघ. दोघी मिळून सव्वाशे वर्षं हवेत उडवताय."

मी म्हटलं, "तुझ्या बसच्या ड्रायव्हरपेक्षा तुझ्या आत्याचा हात जास्त स्थिर आहे."

घार शेजारीच बसली होती, मी तिला पेपर वाचून दाखवत होते. तिला हल्ली स्वतः वाचायचा कंटाळा येतो. म्हणते, "तू वाचलंस की बातमी खरी वाटते." फोनवरचं ऐकून हसली, पण नेहमीसारखी खळखळून नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळ

अक्षर बघा कसं आलंय. तरी आजच लिहिणार. उद्या मीच म्हणेन, छे, असं झालंच नसेल.

चिरंजीवांना फोनवर जसं समजावलं तसंच लिहिते. विमानाच्या दोन पंखांत दोन टाक्या. दोन्हींतलं पेट्रोल एकदम येत नाही. घारीच्या डाव्या गुडघ्याजवळ एक गोल खटका आहे, त्यावर बारीकसा बाण. बाण ज्या बाजूला, त्या टाकीतलं पेट्रोल इंजिनाला. ह्यांच्या स्कूटरला रिझर्व्हचा कॉक होता, साधारण तसाच प्रकार. विमान उभं करताना खटका डावीवर ठेवून जायचं, ही क्लबची रीत.

निघण्याआधी मी टाक्यांत पट्टी बुडवून पाहिली. डावीत पाव, उजवी भरलेली. घार म्हणाली, "मग आधी डावीतलं उरलंसुरलं वापरू, नंतर उजवीवर जाऊ." वर गेल्यावर अर्ध्या तासाने मी "टाकी" म्हटलं. तिने गुडघ्याजवळ हात नेला, खट् वाजलं. "उजवी," ती म्हणाली. बराच वेळ मजेत गेला. नदी, पूल, मालगाडी, सगळं मी सांगत होते. मग मी म्हटलं, "अगं, डाव्या टाकीचा काटा तळाला चाललाय."

"तो काटा जन्माचा खोटारडा आहे," घार म्हणाली.

आणि इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. मग गप्प. मला आधी वाटलं माझ्याच कानांना दडे बसले. समोरचा पंखा वाऱ्याने आळसात फिरत राहिला आणि काचेशी नुसती शीळ ऐकू यायला लागली. घारीने नाक खाली केलं, दोन-तीन बटणं ओढली, ढकलली. काही नाही.

"टाकी बदलायची का?" मी विचारलं. तेवढं मला इतक्या रविवारांत कळायला लागलं होतं.

"नको. उजवी भरलेली आहे. डावीत काय उरलंय?"

मग तिने रेडिओवर आम्ही कुठे आहोत ते सांगितलं. आवाज कसा, तर स्वयंपाकघरातून मीठ मागावं तसा. मी डोळे मिटून पुटपुटायला लागले होते.

"वहिनी, देवाशी नंतर बोल. आधी माझ्याशी. खाली काय आहे? दिसेल ते बोल. थांबू नकोस."

मी डोळे उघडले. डाव्या हाताला मोठं मोकळं मैदान होतं. कुणीतरी घरांसाठी प्लॉट पाडलेले. घरं नाहीत, नुसते नवे काळे रस्ते, वहीवर रेघा मारल्यासारखे. मी सांगितलं. तिने विमान वळवलं.

"सगळ्यात लांब रस्ता कुठला?"

"मधला. अजून थोडं डावीकडे घे. अजून. बस, आता सरळ समोर."

"खांब?"

"एकाच बाजूला, ओळीने. तारा नाहीत. नाही, थांब, आहे! एक तार आडवी गेलीय रस्त्यावरून."

"आपण तिच्या वर का खाली?"

"वर. थोडेच वर."

"ओलांडली की ओरड."

मी ओरडले. जन्मात कधी अशी ओरडले नव्हते. लगेच चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली. आणि समोर रस्त्याच्या मधोमध एक रोलर उभा.

"रोलर!"

"केवढा लांब?"

"आपल्या घरापासून पोस्टाएवढा. उजवीकडे मोकळं आहे, उजवीकडे!"

ती उजवीकडे वळली. एक चाक काठाच्या दगडावर आपटलं आणि आम्ही वाळूच्या ढिगात नाक खुपसून थांबलो. चाकावरचं झाकण तुटलं आणि माझा चष्मा वाकला. बाकी दोघींना ओरखडासुद्धा नाही.

तिकडून रखवालदार धावत आला. धापा टाकत म्हणाला, "बाई, इथे गाडी लावायला परवानगी नाही."

घार म्हणाली, "हे बघा, लगेच काढतो," आणि मग आम्ही दोघी अशा हसलो, अशा हसलो, की तो बिचारा घाबरून पाणी आणायला गेला.

इतक्या धांदलीतही तिला माझी काळजी. मी भेदरून जाऊ नये म्हणून सारखं विचारत होती, मला बोलतं ठेवत होती. हे आज हवे होते. गावभर सांगत सुटले असते.

१७ फेब्रुवारी

पेपरात फोटो! "इंजिन बंद, हिंमत चालू." फोटोत घार ऐटीत उभी आहे आणि मी वाकडा चष्मा लावून पत्ता चुकलेल्या बाईसारखी. वार्ताहराने मला विचारलं, "तुम्ही काय करत होता?" मी म्हटलं, "बडबड." त्याने ते छापलं नाही.

दुकानदाराने हात जोडले. वरच्या मजल्यावरच्या बाई, ज्या एरवी जिन्यात मान वळवतात, त्या फुलं घेऊन आल्या. चिरंजीवांना फोनवर रडू आवरेना. मग म्हणाला, "आत्याला दे." ती त्याला म्हणाली, "अरे, तुझी आई होती म्हणून." मी फोन काढून घेतला. पोरगं आधीच रडत होतं, त्यात हिचा विनय.

क्लबात रविवारी घारीचा सत्कार आहे. मी माझी निळी रेशमी साडी इस्त्रीला दिली.

१९ फेब्रुवारी

ही साडी नेसावी की नाही, असं वाटायला लागलंय.

दुपारी मेकॅनिक आला. क्लबाची विमानं तोच बघतो. माणूस चांगला, घारीवर जीव. खुर्चीच्या कडेवर बसला, टोपी हातात फिरवत राहिला. चहाही घेईना.

"ताई, इंजिन उघडून पाहिलं. नवऱ्या मुलासारखं ठणठणीत आहे."

"मग?"

"उजवी टाकी जवळजवळ भरलेली. डावी कोरडी ठाक. आणि खटका डावीवर."

मी म्हटलं, "असं कसं? तिने उजवीवर फिरवला. मी आवाज ऐकला."

त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. शनिवारी क्लबाचे सेक्रेटरी विमान घेऊन गेले होते. उतरल्यावर त्यांनी उजवी टाकी भरून घेतली आणि खटका उजवीवरच ठेवला, रीत विसरले. म्हणजे आम्ही निघालो तेच उजव्या टाकीवर. मी "टाकी" म्हटल्यावर घारीने खटका दुसऱ्या बाजूला फिरवला, तो भरलेल्या टाकीवरून रिकामीवर. भरल्या घरात उपाशी राहावं, तसं झालं. वर असताना एकदा फिरवला असता तर इंजिन पुन्हा लागलं असतं.

मेकॅनिक हळूच म्हणाला, "ताई, मी कचरा अडकला असं म्हणतो. जुनं इंजिन, कुणाला शंका येणार नाही. विमान उतरवलंत हे तर खरंच ना?"

घार म्हणाली, "तू काय म्हणायचं ते तू ठरव. मी काय म्हणायचं ते मला ठरवू दे."

तो गेल्यावर ती कितीतरी वेळ खिडकीशी उभी होती. समोर तर भिंत आहे.

२० फेब्रुवारी

घारीशी भांडले. लग्न होऊन आल्यापासून आमचं भांडण असं पहिलंच.

मी म्हटलं, "कुणाचं काय वाकडं झालं? माणसं खूष आहेत. घराण्याचं नाव झालंय. झाकली मूठ राहू दे."

"आणि पुढच्या रविवारी दुसरं कुणी ते विमान नेईल त्याचं काय? सगळे इंजिन तपासत बसतील. खटक्याकडे कोण बघणार?"

"मग सेक्रेटरींचं नाव घे. रीत त्यांनी मोडली."

"वहिनी, रीत आंधळ्यांसाठी असते. डोळसाने बाण बघायचा असतो."

"मग का नाही बघितलास?"

ती उठून आत गेली. मला वाटलं चिडली. जेवताना म्हणाली, "मीठ कुठे आहे?" ते तिच्या ताटासमोरच होतं. मी रागात सरकवलं. एवढा राग बरा नाही, पण काय करू? आयुष्यभर जिच्या नावावर मिरवलं, तिने भर सभेत आपलं नाव आपणच पुसायचं, हे मला बघवणार नाही. मी जाणारच नाही रविवारी.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. निळी साडी नेसूनच गेले. म्हटलं, काय व्हायचं ते होईल, आमच्या घरातलं एक माणूस तरी समोर बसलेलं असू दे.

क्लबाच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. घारीने शिकवलेली कितीतरी माणसं आलेली, काहींचे केस पिकलेत. सेक्रेटरींनी भाषण केलं. शौर्य, प्रसंगावधान, सगळे मोठमोठे शब्द. फुलं दिली. मग घार उठली.

"बसा," ती म्हणाली. "वर्गात सांगायचे तसंच सांगते. इंजिन चांगलं होतं. मी चुकले."

मग तिने सगळं सांगितलं. टाकी, खटका, बाण. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. सेक्रेटरींचं नाव नाही. "खटका कुठे होता ते मी पाहिलं नाही. हाताला वाटलं, त्यावर विश्वास ठेवला. तुमच्यापैकी प्रत्येकाला मी सांगितलं होतं की हातावर विश्वास ठेवू नका, बाण वाचा. विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मी त्याला खाली उतरवलं असतं."

पहिल्या रांगेतून सेक्रेटरी उठले. चेहरा पांढरा. म्हणाले, "खटका उजवीवर मी सोडला होता. रीत मी मोडली." एवढंच म्हणून खाली बसले. त्या माणसाची मी मनातल्या मनात माफी मागितली.

घार म्हणाली, "आणखी एक. विमान मी नाही उतरवलं. वहिनीने उतरवलं."

सगळे हसले. मीही. त्या हसण्याने हॉल मोकळा झाला आणि मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. सत्काराच्या वेळी वाजल्या त्याहून जास्त. एक पिकल्या केसांचा माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आम्हाला ह्यांनी शिकवलं हे आम्ही जन्मभर सांगू." मला वाटलं होतं आज नाव पुसलं जाणार. अहो, ते तर आज गिरवलं गेलं.

निघताना सेक्रेटरी म्हणाले, "घारताई, चुका कुणाच्या हातून होत नाहीत? विमान दुरुस्त होईल. डॉक्टरांचा कागद तेवढा आणा, पुढच्या महिन्यात पुन्हा वर."

मी आनंदाने तिच्याकडे पाहिलं. ती फुलांकडे बघत होती.

२६ फेब्रुवारी

आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. वैमानिकांना हे तपासून घ्यावंच लागतं, दर वेळी मीच सोबत जाते. गाडीत मी नेहमीप्रमाणे दुकानांच्या पाट्या वाचायला लागले. घार म्हणाली, "आज नको, वहिनी."

आत मलाही बसू दिलं. तिला खुर्चीवर बसवून एक डोळा झाकला आणि समोर अक्षरांचा तक्ता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरून वाचा." माझ्या तोंडून पहिलं अक्षर कधी निसटलं, मलाच कळलं नाही.

"परीक्षा कुणाची आहे, बाई?"

"सवय हो," मी म्हटलं. "मी सगळं मोठ्याने वाचते."

"तरीच," घार म्हणाली. "मागच्या वेळी हिने बाहेर बाकावर बसून, उघड्या दारातून हा तक्ता वाचला होता. दोनदा. मी पाठ केला आणि पास झाले." मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "तू बाहेर जा, वहिनी. आज मी एकटीच उत्तरं देते."

मी बाहेर जाऊन बसले. दार पातळ होतं.

"पहिली ओळ?"

"नाही."

"पहिलं अक्षर? खूप मोठं आहे."

"पांढरं काहीतरी आहे, एवढं कळतं."

"दुसरा डोळा?"

"त्याने जरा बरं. पण कडा असल्या तर दिसतात, बारीक काही नाही. दोन वर्षं असंच आहे. वाढतंय."

"विमान चालवता ना तुम्ही?"

"चालवत होते."

असं म्हणाली. चालवत होते. आवाज जराही हलला नाही. त्या दिवशी रेडिओवर होता, तसाच.

मी तिथे बाकावर बसून रडले, ते लिहायला हरकत नाही. बशीतला चहा, पेपर, मीठ, सगळं एकदम आठवलं आणि वाटलं, माझ्यासारखी वेंधळी मीच. घरात दिवसभर बरोबर असते आणि मला तिचा विक्षिप्तपणा वाटला! पण रडणं फार वेळ टिकलं नाही. कागद आणायला कुणी तिला जबरदस्ती केली नव्हती. उद्या जाते, परवा जाते करत वर्ष काढता आलं असतं. टाळ्या ताज्या होत्या, सगळे पाठीशी होते, आणि विमान म्हणजे हिचा प्राण. तरी ती स्वतःच्या पायांनी आली आणि जे दिसत नव्हतं ते दिसत नाही म्हणाली. तीस वर्षांत तिने शिकवलेल्यांनी हे पाहायला हवं होतं.

ती बाहेर आली. मी डोळे पुसले, तिला ते दिसलं नसावं.

"ऐकलंस?"

"दार पातळ आहे."

"रागावलीस?"

"मला आधी सांगितलं असतंस तर?"

"तर तू मला वर जाऊ दिलं नसतंस." मग जरा थांबून, "तुला बसवून नेत होते, हे चुकलंच. खटक्यापेक्षा मोठी चूक ती. आता कळलं ना, विमान कुणी उतरवलं?"

काहीतरीच. चाकं कधी टेकवायची, नाक किती धरायचं, हे काय मला माहीत होतं? ती मला पहिल्यापासून असाच नसता मोठेपणा देते. मी नुसती बोलत होते, बाकी सगळं तिचंच.

टेबलाशी बसलेल्या मुलीने तिला ओळखलं. "तुम्हीच ना त्या? पेपरातल्या?" आजूबाजूची माणसं बघायला लागली. एरवी घार अशा वेळी एकटी तरातरा पुढे निघते, आणि दाराच्या चौकटीला खांदा घासून जातो, आणि आम्ही दोघी ते झालंच नाही असं दाखवतो. आज ती जागेवरून हलली नाही. सगळ्यांच्या देखत हात पुढे केला आणि म्हणाली, "हात दे गं, मला दार नीट दिसत नाही."

मी हात दिला. भर दिवसा, भरल्या दवाखान्यातून ह्यांची बहीण माझा दंड धरून चालली होती, आणि माणसं बाजूला होऊन वाट देत होती. मी पदर सारखा केला, मान वर केली आणि सावकाश चालले. सगळ्यांना नीट बघता यावं म्हणून.